तीन रेघांचा मिस्त्री

मानवतच्या चन्नबसप्पा मिस्त्रीसारखा खरं बोलणारा माणूस ओळखीचा असू नये, हे माझं मत वीस वर्षांच्या त्रासातून बनलेलं आहे. खोटारड्याशी माणूस जमवून घेतो. तो काय बोलेल याचा अंदाज तरी असतो. पण ज्याला न विचारताही खरं सांगायची खोड आहे, त्याला ओट्यावर बसवून घेताना आपल्याच घराची भीती वाटते.

आमच्या घरचंच सांगतो. माझी बायको सुमंगला हिचं शिवणाचं मशीन होतं. माहेरून आलेलं, विलायती, आणि तिचा सगळा तोरा त्या मशीनवर. एकदा त्याचं आतलं, खालचा दोरा धरणारं शटल मोडलं. मिस्त्रीने पोलादाच्या तुकड्यातून नवं घासून बसवलं आणि मशीन पहिल्यासारखं चालू लागलं. पुढे आमच्याकडे हळदीकुंकवाला बायका जमल्या, कुणीतरी मशीनचं कौतुक केलं. बाहेर ओट्यावर माझ्याशी बोलत बसलेल्या या गृहस्थाने आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मशीन विलायती खरं, पण शटल मानवतचं आहे, काढून बघा, वर तीन रेघा सापडतील. सुमंगला त्यानंतर महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

त्या तीन रेघांचं असं होतं. चन्नबसप्पा लिंगायत. सकाळी अंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचा, पूजा करायचा, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे ओढायचा आणि मगच हत्याराला हात लावायचा. स्वतः घडवलेल्या प्रत्येक भागावर तो छिन्नीने तशाच तीन बारीक रेघा मारायचा. ही तुमची सही का, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं होतं, लाजून हसेल.

"सही न्हाई, पंत," तो म्हणाला. "आमच्यात कामाला कायक म्हणत्यात. कायक म्हंजे पूजाच. मी केलेला भाग कंपनीचा म्हणून आत बसला तर पूजेत खोटं शिरलं. रेघा बगून कुणालाबी कळलं पाह्यजे, ह्यो मागनं आलेला हाय."

आम्ही दोघेही बसवंतराव देशमुखांचे नोकर. पालमकडची पाचसहा गावं देशमुखांची, राहणं मात्र मानवतला. गावाबाहेर त्यांचा कापसातली सरकी काढायचा जीन होता, त्याचं इंजिन चन्नबसप्पाकडे. मी कचेरीत कारकून. पत्रं उर्दूत लिहायची, कधी इंग्रजीत आलेलं वाचून दाखवायचं आणि देशमुखांनी "पंत" अशी हाक मारली की हातातलं टाकून उठायचं. हंगामात, दिवाळीपासून होळीपर्यंत, जिनात माणसांची गजबज असे. होळीनंतर शेड बंद. मग त्या उजाड आवारात चन्नबसप्पा, त्याची बायको भागम्मा आणि फाटकावरचा लिंबाजी रखवालदार एवढेच राहत. मूलबाळ नव्हतं. मिस्त्री दिवसभर इंजिनाशी बोलायचा आणि घरी गेला की गप्प बसायचा. भागम्मा त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याशी, बोरीच्या झाडाशी, शेळीशी बोलायची. ती ताडकळसची, हसरी बाई होती. असल्या नवऱ्याकडे राहून हसू टिकवणं हे काम सोपं नव्हतं.

१९३२ साली देशमुखांनी हैदराबादेहून ती मोटार आणली. हिरवी, उघडी, दोनच माणसांची, लांबलचक नाक असलेली आणि शर्यतीत पळणाऱ्या जातीची. मानवतच्या रस्त्यावर शर्यत लावायची कुणाशी, तर बैलगाडीशी. लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव टोळ ठेवलं. आमची काळी माती पावसाळ्यात बैलाचे खूर सोडत नाही, तिथे हिची काय कथा. चार महिने टोळ जिनाच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर बसून असायची, उरलेले आठ महिने धूळ आणि कापसाचा बारीक कचरा नाकात घेऊन खोकायची. मुंबईहून सुटे भाग यायला तीनतीन महिने लागत. तेवढा दम देशमुखांना नसे. मग ज्या दिवशी जे मोडेल ते चन्नबसप्पा घडवी. लॉरीचा जुना पिस्टन लेथवर उतरवून तिच्यात बसवला. जिनाच्या यंत्रातली स्प्रिंग तिच्या व्हॉल्व्हला लावली. पाण्याच्या पंपाचा दांडा केला, बेअरिंगमध्ये शिसं-कथिलाचा रस ओतला, रेडिएटरचं टोपण तांबटाकडून घडवून आणलं. प्रत्येकावर तीन रेघा. देशमुख पाहुण्यांना मोठ्या ऐटीत मोटार दाखवत आणि हा मागे उभा राहून कोणता भाग गेल्या वर्षी बदलला ते सांगे. देशमुख मोठ्या मनाचे, ते हसून घेत. मी असतो तर त्याला जिनातून काढून टाकलं असतं.

१९३८ च्या माघातली एक सकाळ मला चांगली आठवते, कारण मी तिथे होतो आणि काही बोललो नाही. इंजिन उघडून परत बांधलेलं होतं आणि ते पाहायला म्हणून पंचवीस-तीस मैल लांब मोटार पळवून आणायची होती. मी देशमुखांचा निरोप घेऊन जिनात गेलो तर भागम्मा फाटकाजवळ धुवट इरकली लुगडं नेसून, भाकरी फडक्यात बांधून उभी. पायातली जोडवी राखेने घासून लख्ख केलेली. मोटार फाटकाशी आली तेव्हा ती पुढे झाली.

"ताडकळसपतुर न्हेता का?" ती म्हणाली. "भावजय बगंल. लगीच माघारी येऊ."

शेजारची सीट रिकामी होती. म्हणजे तिच्यावर हत्यारांची पिशवी होती. चन्नबसप्पाने पिशवीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि सांगितलं की मोटार देशमुखांची, पेट्रोल देशमुखांचं, ते इंजिन पाहायला दिलंय, माणसं फिरवायला नाही. आवाज चढवला नाही. रागावलाही नव्हता. हिशेबाने त्याचं बरोबरच होतं, आणि म्हणूनच मला त्याचा संताप आला. देशमुखांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, अरे घेऊन जा, विचारतोस काय. पण विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. टोळ निघून गेली. भागम्मा फाटकाशेजारच्या दगडावर बसली आणि लिंबाजीला म्हणाली, ये, भाकरी खाऊन घे, नाहीतरी बांधलीय. तीन-चार तासांनी मोटार परत आली तेव्हाही ती तिथेच होती. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

१९४२ च्या श्रावणात पटकीची साथ आली. दोन दिवसांत भागम्मा गेली. लिंगायतांच्या रीतीने तिला बसवून माती दिली. मी गेलो होतो. मांडी घालून, पाठ टेकवून, तळहातावर लिंग ठेवून खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवलेली ती बाई मला अजून दिसते. चन्नबसप्पा रडला नाही. जंगम स्वामींनी सांगितलं ते सगळं केलं, तिचं लुगडं-चोळी ज्याला द्यायचं त्याला दिलं. जोडव्यांपैकी एक मात्र त्याच्याकडे राहिलं. ते त्याने छिन्न्यांच्या डब्यात ठेवलं होतं.

त्यानंतर तो एकटा राहिला, आणि एकटा म्हणजे कसा ते सांगतो. हंगाम संपला की आवारात आवाज म्हणून उरत नसे. तो सकाळी स्वतःच भाकरी थापायचा, दोन थापायची सवय मोडेना म्हणून दुसरी शेळीला घालायचा. शेळी म्हातारी होऊन मेली तेव्हा दुसरी भाकरी बोरीच्या झाडाखाली ठेवू लागला. मी अधूनमधून जायचो. खरं सांगतो, कंटाळून जायचो. तो बोलायचा ते सगळं इंजिनाचं. एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. मोटार घेऊन निघताना हत्यारांची पिशवी आता तो मागच्या फटीत कोंबायचा. शेजारची सीट फडक्याने पुसून रिकामी ठेवायचा.

१९४३ मध्ये टोळचा मॅग्नेटो बिघडला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी डबी. तिच्यात मसुरीच्या डाळीएवढ्या दोन टिकल्या असतात. त्या एकमेकींना भेटतात आणि सुटतात, आणि त्या सुटल्या की ठिणगी पडते. त्या टिकल्या झिजून गेल्या होत्या. लढाईमुळे मुंबईहून काही येणं शक्य नव्हतं. चन्नबसप्पा मोटारीचं इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आला आणि त्या टिकल्या कशाच्या असतात ते वाचायला सांगितलं. मी वाचलं, प्लॅटिनम. तो धातू मानवतमध्ये कुणी पाहिलाही नव्हता. चांदीने भागेल का, असं त्याने विचारलं. पुस्तकात चांदीचं काही नव्हतं, पण माझ्या मते वीज चांदीतून सोन्याहून सोपी जाते, असं मी शाळेत शिकलेलं ज्ञान पाजळलं.

दोन दिवसांनी मी जिनात गेलो तर तो दाराशी उजेडात बसला होता. पुढ्यात भागम्माचं जोडवं, त्याला एका बाजूला खाच. बाजारात चांदी होती. देशमुखांकडे मागितली असती तर त्यांनी वाटीभर दिली असती. त्यानेच डोकं वर न करता सांगितलं.

"मोटारीत बसवा म्हणली व्हती. मी बसवलं ते मातीत."

मग बराच वेळ तो घासत राहिला. टिकल्या बसवल्या, पातळ पत्तीने मधलं अंतर मापलं, हँडल मारलं आणि टोळ दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. इंजिन चालू ठेवूनच त्याने मला जवळ बोलावलं.

"ह्या टिकल्यांवर रेघा मारायला जागा न्हाई," तो म्हणाला. "तुमी ध्यानात ठेवा. तुमाला ठाव हाय म्हंजे लपवलं असं व्हायचं न्हाई."

म्हणजे त्या एका भागापुरत्या तीन रेघा मी होतो. देशमुखांच्या कानावर घालतो, असंही मी म्हटलं होतं. घातलं नाही. देशमुखांना टिकल्या चांदीच्या की पितळेच्या, याचं काय सोयरसुतक. चांदी लवकर झिजते, म्हणून तो दर दोनतीन महिन्यांनी त्या काढून हळूच घासायचा आणि पुन्हा अंतर मापायचा. पेट्रोलची तंगी, त्यामुळे मोटार फारशी चालतच नव्हती. तरी आठवड्यातून एकदा तो ती जागेवर सुरू करायचा आणि शेजारी उभा राहून ऐकायचा. जेवायला चला म्हटलं तर म्हणायचा, जरा थांबा, आत्ताच सुरू झालीय.

पुढे देशमुखांना मोतीबिंदू झाला. रस्ता दिसेना, मोटार शेडमध्ये नुसती उभी. १९४७ च्या जानेवारीत हैदराबादेहून व्यंकटराव नावाचा इंजिनियर आला. त्याचा मालक तिथला कुणी हौशी श्रीमंत, जुन्या शर्यतीच्या मोटारी गोळा करणारा. त्याची अट एकच होती. मोटारीत कंपनीचे भाग कोणते आणि मागाहून बसवलेले कोणते, याची पक्की यादी पाहिजे. मागाहून बसवलेला एकेक भाग काढून टाकायचा आणि विलायतेहून अस्सल आणून बसवायचा. मोटार कारखान्यातून निघाली तशी झाली पाहिजे.

देशमुख म्हणाले, यादी मिस्त्री सांगेल. तो सांगेल त्यात तपासायचं काही नसतं. मोतीबिंदू झालेला तो म्हातारा माणूस खुर्चीवर बसून हे इतक्या विश्वासाने म्हणाला की मला चन्नबसप्पाचा पहिल्यांदा हेवा वाटला.

तीन दिवस इंजिन उघडणं चाललं होतं. जमिनीवर गोणपाट अंथरलं. डावीकडची रांग कंपनीच्या भागांची, उजवीकडची मिस्त्रीच्या भागांची. मी पाटावर बसून यादी लिहीत होतो. व्यंकटराव हुशार होता. कंपनीच्या भागावर बारीक शिक्का असतो, ओतीव भागावर आकडा असतो, कारखान्यातल्या मशीनचे ओरखडे सरळ असतात आणि हातच्या कानशीचे तिरपे, हे सगळं त्याला ठाऊक होतं. स्क्रूचे आटे तो नखाने तपासायचा. चन्नबसप्पा त्याहून सोपं करायचा. भाग रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरायचा, हातोडीच्या दांड्याने एक टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि उजव्या रांगेत ठेवायचा. पिस्टनच्या वेळी तर गंमत झाली. व्यंकटरावाने तो निरखून पाहिला आणि डावीकडे ठेवला. चन्नबसप्पाने उचलून उजवीकडे ठेवला. व्यंकटरावाने परत डावीकडे. शेवटी मिस्त्रीने तो उलटा केला आणि आतल्या बाजूची काजळी अंगठ्याने पुसली. तीन रेघा. व्यंकटरावाने हात जोडले. त्याने आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की आजवर लोक खोटे भाग खरे म्हणून त्याच्या गळ्यात बांधत आले, आपलं काम आपण होऊन काढून ठेवणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उजवीकडे तेवीस भाग झाले. पंधरा वर्षांचं त्याचं काम गोणपाटावर पडलेलं होतं आणि ते सगळं फेकलं जाणार होतं. त्याबद्दल त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. तो अधूनमधून फक्त मॅग्नेटोकडे पाहत होता. मॅग्नेटो त्याने शेवटी ठेवला होता.

मला कळत होतं की काय व्हायचंय. त्याने सांगितलं की हा चोविसावा भागही त्याचाच आहे, तर टिकल्या निघतील, प्लॅटिनमच्या नव्या येतील आणि चांदी त्याला परत मिळेल. त्याला फक्त खरं बोलायचं होतं, आणि खरं बोलणं त्याला कधी जड गेलेलं मी पाहिलं नव्हतं. मी टाक दौतीत बुडवूनसुद्धा ठेवला.

व्यंकटरावाने मॅग्नेटोचं झाकण काढलं. भिंग लावून टिकल्या पाहिल्या. त्या इतक्या सफाईने बसवल्या होत्या, आणि प्लॅटिनम काय, चांदी काय, दोन्ही पांढरी. त्यावर रेघा नव्हत्याच. त्याने मान वर करून मिस्त्रीला विचारलं की हे असंच आलं होतं ना.

चन्नबसप्पाने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या देशमुखांकडे. मग मोटारीतल्या त्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे.

"कंपनीचंच हाय," तो म्हणाला.

व्यंकटरावाने मॅग्नेटो डावीकडे ठेवला. आणखी काही राहिलंय का मुन्शीजी, असं त्याने मला विचारलं. चन्नबसप्पा रॉकेलच्या टोपात आधीच धुतलेला एक भाग पुन्हा धुऊ लागला होता. मी म्हटलं, नाही, तेवीसच. आणि यादीखाली रेघ ओढली. आयुष्यभर कचेरीत काम केलेल्या माणसाने लिहिलेल्या खोट्या गोष्टींत ही सगळ्यात लहान असेल.

दोन दिवसांनी, तूर्त तेच भाग घालून इंजिन परत बांधून, व्यंकटराव सकाळी निघाला. परभणी, नांदेड करत मोटार चालवतच नेणार होता. देशमुख काठी टेकत आले, टोळच्या नाकावरून हात फिरवला. व्यंकटरावाने आपली कातडी पिशवी शेजारच्या सीटवर टाकली आणि हँडल मारायला सांगितलं. चन्नबसप्पा हँडलपाशी न जाता दुसऱ्या बाजूने आला.

"पिशवी मागं ठेवा, साहेब," तो म्हणाला.

व्यंकटरावाला वाटलं, कातड्याला ओरखडे पडतील म्हणून. त्याने हसून पिशवी मागे ठेवली. चन्नबसप्पाने खांद्यावरच्या फडक्याने सीट पुसली, मग पुढे जाऊन हँडल मारलं. मोटार सुरू झाली आणि गेली. तो फाटकाशेजारच्या त्या दगडावर बसला. मी कचेरीत गेलो, संध्याकाळी घरी जाताना पाहिलं तर तिथेच होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसायला हवं होतं. मला उशीर झाला होता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मोटार गेल्यावर शेड रिकामं झालं. होळी झाली, जीन बंद पडला. आता तिथे ऐकायलाही काही उरलं नाही. चैत्रात सुमंगलाच्या मशीनचं एक चाक त्याने करून दिलं. ती ते उलटसुलट करून पाहत राहिली आणि मला म्हणाली, यावर रेघा कुठे आहेत? इतकी वर्षं त्या रेघांवर चिडलेली बाई, पण तिच्या आवाजात काळजी होती. मी चाक घेऊन त्याच्याकडे गेलो. विसरलात का, असं विचारलं.

"विसरलो न्हाई," तो म्हणाला. "त्या रेघा खरं बोलणाऱ्यानं मारायच्या असत्यात, पंत." कपाळावर भस्म होतं. तेवढं त्याने सोडलं नव्हतं.

मी त्याला समजावलं. एक शब्द, तोही बायकोसाठी, कुणाचं नुकसान नाही. तो ऐकून घेत होता आणि चाकावर कानस चालवत होता. माझं बोलणं संपल्यावर त्याने चाकाचा भुगा फुंकला आणि बोरीखाली भाकरी ठेवायला उठला.

भाद्रपदात व्यंकटरावाचं पत्र आलं. हैदराबाद राज्यात सगळीकडे गडबड सुरू झाली होती, पण टपाल अजून चालू होतं. पत्र इंग्रजीत, वर मिस्त्रीचं नाव. मी ते घेऊन जिनात गेलो आणि वाचत वाचत मराठीत सांगू लागलो. तेवीसही भाग विलायतेहून आले आणि बसले. जुने भाग त्याने फेकले नाहीत, टेबलावर मांडून ठेवलेत, शिकाऊ लोकांना दाखवतो. मग त्याने लिहिलं होतं की मागच्या महिन्यात ठिणगी मंदावली म्हणून टिकल्या घासल्या, तेव्हा त्या चांदीच्या निघाल्या. इतकं सुंदर काम मिस्त्रीशिवाय कुणाचं असणार. हा एक भाग तुमच्या ध्यानातून गेलेला दिसतो, वय झालं की होतं, त्याचं मनाला लावून घेऊ नका. नव्या टिकल्या बसवल्या. या चांदीच्या टिकल्यांवर मोटार नऊशे मैल चालली. त्याने गावांची नावंही दिली होती. आणि पत्राच्या घडीत, कागदाच्या पुडीत, त्या दोन टिकल्या होत्या. झिजून आता राळ्याच्या दाण्याएवढ्या झालेल्या.

चन्नबसप्पाने पुडी तळहातावर उघडली. सकाळी लिंग ज्या हातावर घ्यायचा, त्याच हातावर. मग पुडी परत बांधून तो म्हणाला, उत्तर लिहा.

"लिवा, विसरलो न्हाई. खोटं बोललो."

मी म्हटलं, मिस्त्री, त्याने स्वतःच विसरलात म्हणून लिहिलंय, राहू द्या की तसंच. त्याच्या मनातलं तुमचं स्थान कशाला घालवता. आणि त्या खोट्यात मीही आहे, हे मी बोललो नाही, पण ते दोघांनाही कळलं.

"तुमचं नाव नगा लिवू," तो म्हणाला. "तुमी गप बसलात, त्ये उपकार झाले. पर माझं लिवा."

मी लिहिलं. दोनच वाक्यं, सगळ्यात लहान पत्र. खाली त्याने स्वतः अंगठा न उठवता मोडीत नाव घातलं. रेघा मारल्या नाहीत. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि उठलो, तेव्हा त्याने मला हाताने खाली बसवलं.

"ती गावांची नावं परत वाचा."

मी वाचली. गोवळकोंडा. हुसेनसागरचा बंधारा. निझामसागर. बीदर. वारंगळ. तो प्रत्येक नाव मनात ठेवून घेत होता आणि मग पुढच्या नावासाठी मान हलवत होता. वारंगळला पाहण्यासारखं काय आहे, असं त्याने विचारलं. मी कधी परभणीपलीकडे गेलेलो नव्हतो. ऐकलेलं होतं तेवढं सांगितलं की मोठा किल्ला आहे.

"मग बगितला आसंल तिनं," तो म्हणाला.